नौदलाची गुप्तवार्ता आणि किनाऱ्यावरचा माणूस

(व्याख्यानाचा मजकूर)



युद्धनौका डोळ्यांना दिसते. तिचे जलावतरण होते, बँड वाजतो, मंत्रिमहोदयांचे भाषण होते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून छायाचित्रे झळकतात. गुप्तवार्ता मात्र दिसत नाही. त्यामुळे संरक्षणखर्चाची चर्चा होते तेव्हा नौका किती, पाणबुड्या किती, क्षेपणास्त्रांचा पल्ला किती, याविषयी पुष्कळ बोलले जाते. परंतु त्या नौकांनी कोठे जावे, कोणाची वाट पाहावी आणि कशापासून सावध राहावे, हे ज्या व्यवस्थेने सांगायचे तिच्याविषयी लोकसभेत काय किंवा वृत्तपत्रांत काय, क्वचितच चर्चा होते. युद्धाचे स्वरूप आणि युद्धाची साधने झपाट्याने बदलत असताना नौदलाच्या गुप्तवार्तेने कसे बदलावे, हा म्हणूनच केवळ सेनाधिकाऱ्यांचा प्रश्न राहत नाही.

या प्रश्नाचे रूढ उत्तर सोपे आहे. अधिक उपग्रह, अधिक रडार, अधिक ड्रोन आणि या सर्वांची माहिती चाळणारी यंत्रे विकत घ्यावीत, असे ते उत्तर. यंत्रे हवीत, यात शंका नाही. परंतु गेल्या शंभर वर्षांचा सागरी युद्धांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते. मोठे अपघात बहुधा माहितीच्या अभावी घडलेले नाहीत. माहिती कोठे तरी होती. ती योग्य माणसापर्यंत पोहोचली नाही, पोहोचली तर तिच्यावर विश्वास बसला नाही, किंवा ती ज्याच्याजवळ होती त्याला कोणी विचारलेच नाही. सुधारणा करावयाची ती मुख्यतः येथे.

प्रश्न विचारण्याची कला

पहिल्या महायुद्धातील जटलंडच्या लढाईचे उदाहरण बोधप्रद आहे. ब्रिटिश नौदल मुख्यालयातील ‘खोली क्रमांक ४०’ मध्ये जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडणारी मंडळी बसत. त्यांत प्राध्यापक होते, भाषातज्ज्ञ होते. रणनीतीच्या कामात मात्र त्यांना स्थान नव्हते. ३१ मे १९१६ रोजी कारवाई विभागाच्या प्रमुखाने त्यांना एवढेच विचारले की, ‘डीके’ ही खूण वापरणारे बिनतारी केंद्र कोठे आहे? उत्तर मिळाले, विल्हेल्म्सहाफेन बंदरात. त्यावरून जर्मन आरमार अद्याप बंदरातच आहे, असे ॲडमिरल जेलिको यांना कळविण्यात आले. वास्तविक जर्मन सेनापती शेअर समुद्रावर निघताना ही खूण बंदरातील केंद्राकडे सोपवून स्वतः दुसरी वापरीत असे आणि ही गोष्ट त्या खोलीतील मंडळींना ठाऊक होती. पण प्रश्न कशासाठी विचारला आहे हे त्यांना सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही. काही तासांतच ते ‘बंदरातले’ आरमार जेलिकोंच्या समोर उभे ठाकले. याहून घातक परिणाम रात्री झाला. शत्रूच्या परतीच्या मार्गाविषयी मुख्यालयाकडून आलेली खरी माहितीही जेलिकोंना विश्वसनीय वाटली नाही. उत्तर अचूक होते. चुकला होता तो प्रश्न, आणि त्याच्या मुळाशी होती अधिकाराची उतरंड.

भारताच्या नौदलाचा १९७१ चा अनुभव याच दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्या युद्धात गुप्तवार्तेची दोन्ही रूपे दिसली. पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेच्या मागावर बंगालच्या उपसागरात आली होती. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी ‘विक्रांत’ अंदमानकडे नेऊन ठेवली आणि ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेकडून असे बिनतारी संदेश पाठविले की ‘विक्रांत’ विशाखापट्टणमच्या परिसरातच आहे असे ऐकणाऱ्यास वाटावे. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री ‘गाझी’ त्या बंदराच्या तोंडाशी बुडाली. ‘राजपूत’ने टाकलेल्या स्फोटकांमुळे की स्वतःच्याच सुरुंगामुळे, याविषयी दोन्ही देशांचे म्हणणे वेगळे आहे. शत्रू काय ऐकतो हे ओळखून त्याला तेच ऐकविण्याची ती योजना मात्र निर्विवादपणे यशस्वी झाली. तिला लागलेला खर्च एका जुन्या नौकेच्या फेरीचा आणि थोड्या कल्पकतेचा.

दुसरे रूप दारुण आहे. दीवच्या नैर्ऋत्येस एका पाणबुडीचे बिनतारी संदेश पकडले गेले आणि तिचा शोध घेण्यासाठी ‘खुकरी’ व ‘किरपाण’ या फ्रिगेट मुंबईहून धाडण्यात आल्या. पाणबुडी कोठे आहे हे कळले होते. परंतु फ्रेंच बनावटीच्या त्या ‘हंगोर’ पाणबुडीची ऐकण्याची शक्ती या ब्रिटिश बनावटीच्या फ्रिगेटच्या सोनारपेक्षा पुष्कळ सरस होती. शोध घेताना ‘खुकरी’चा वेग मंद ठेवलेला होता आणि शोधणारीच शोधली गेली. ९ डिसेंबरच्या रात्री ती बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांच्या शौर्याला वंदन करताना एक धडा विसरता कामा नये. शत्रूचा ठावठिकाणा कळणे ही अर्धी गुप्तवार्ता होय. त्याला काय ऐकू येते, काय दिसते, तो कसा विचार करतो, हे कळले तरच ती पूर्ण होते.

स्वस्त शस्त्र, महाग नौका

१९७१ नंतरच्या अर्धशतकात समुद्र पारदर्शक होत गेला आहे. एकेकाळी केवळ दोन महासत्तांना उपलब्ध असलेली उपग्रहचित्रे आज खाजगी कंपन्या विकतात. युक्रेनजवळ युद्धाच्या आरंभी नाव घेण्याजोगे आरमारच नव्हते; तरीही १४ एप्रिल २०२२ रोजी रशियाच्या काळ्या समुद्रातील ताफ्याची ध्वजनौका ‘मॉस्क्वा’ किनाऱ्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्रांचे आघात होऊन बुडाली. त्यानंतर स्फोटके भरलेल्या मानवरहित बोटींनी सेव्हस्तोपोलच्या बंदरापर्यंत धडक मारली, २०२४ च्या पहिल्या तीन महिन्यांत आणखी रशियन नौका बुडविल्या आणि त्या ताफ्याचा मोठा भाग पूर्वेला नोव्होरोसिस्ककडे हलविणे भाग पाडले. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधील हूथींनी तांबड्या समुद्रातील व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा काही हजार डॉलरांचे ड्रोन पाडण्यासाठी लक्षावधी डॉलरांची क्षेपणास्त्रे खर्ची पडू लागली.

अर्थशास्त्राच्या भाषेत याचा अर्थ असा की, नाश करण्याची किंमत उतरली आणि रक्षण करण्याची किंमत चढली. अशा वेळी दर ड्रोनमागे एक क्षेपणास्त्र हा हिशेब कोणत्याही देशाला परवडणारा नाही. गरीब देशाला तर नाहीच. हल्ला कोठून, केव्हा आणि कोणाकडून येणार हे आधी कळणे हीच सर्वांत मोठी काटकसर ठरते. महाराष्ट्राला हा हिशेब अगदीच अपरिचित आहे असे नाही. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी खांदेरीवर तटबंदी उभारावयास घेतली, तेव्हा इंग्रजांच्या मोठ्या गलबतांचा पहारा असतानाही मराठ्यांच्या लहान होड्या रात्री, उथळ पाण्यातून रसद पोहोचवीत राहिल्या. मोठे गलबत कोठे तरू शकत नाही, भरती कोणत्या घटकेला पालटते, ही माहिती तोफांना भारी ठरली. ती माहिती दरबारात नव्हती. होड्या वल्हविणाऱ्यांजवळ होती.

यंत्राची साक्ष

माहिती वाढली म्हणजे ज्ञान वाढले, असे मात्र नाही. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच दाखवून दिले होते की, माहितीची सुबत्ता होते तेथे लक्ष देण्याच्या शक्तीचे दुर्भिक्ष होते. भारतात २०१४ साली गुरुग्राम येथे नौदलाचे माहिती व्यवस्थापन आणि विश्लेषण केंद्र सुरू झाले; २०१८ मध्ये तेथेच हिंदी महासागरातील मित्रदेशांशी माहितीची देवघेव करणारे केंद्र उघडले. ही पावले योग्यच आहेत. परंतु पडद्यावर हजारो जहाजांचे ठिपके सरकत असताना त्यांतील कोणता संशयास्पद आहे हे ओळखणे, हे ठिपके गोळा करण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. चाळणीचे काम यंत्राने जरूर करावे. चाळणीची छिद्रे किती मोठी असावीत हे मात्र माणसानेच ठरवावे लागते.

शिवाय ठिपका खोटाही असू शकतो. जहाजे आपली ओळख, स्थान आणि वेग स्वयंचलित यंत्राद्वारे जाहीर करीत असतात. जून २०२१ मध्ये ‘डिफेंडर’ ही ब्रिटिश आणि ‘एव्हर्टसन’ ही डच युद्धनौका रात्री ओडेसाहून निघून सेव्हस्तोपोलच्या रशियन तळाच्या अगदी जवळ गेल्याचे या यंत्रणेच्या नोंदींत दिसले. प्रत्यक्षात दोन्ही नौका ओडेसाच्या धक्क्याला बांधलेल्या होत्या आणि बंदरावरच्या साध्या कॅमेऱ्यांत त्या तशा दिसतही होत्या. तणावाच्या काळात अशी खोटी नोंद युद्धाची ठिणगी ठरू शकते. उलट बाजूने, ज्याला लपावयाचे आहे तो हे यंत्र बंदच करतो. तात्पर्य, यंत्राची साक्ष ही न्यायालयातील साक्षीप्रमाणेच उलटतपासणीवाचून ग्राह्य धरता येत नाही. उद्याच्या गुप्तवार्ता अधिकाऱ्याला यंत्र चालविण्याचे शिक्षण तर हवेच, परंतु यंत्रावर शंका घेण्याचे शिक्षण त्याहून अधिक हवे, आणि शंका बोलून दाखविणाऱ्या कनिष्ठाचे ऐकून घेण्याची सवय वरिष्ठांना हवी.

कोकण किनाऱ्याचा अनुभव

हे सर्व तत्त्व म्हणून मान्य झाले तरी खरी कसोटी घराजवळच लागते. १९९३ च्या आरंभी रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व आरडीएक्स उतरविण्यात आले. १२ मार्च रोजी मुंबईत झालेल्या स्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. तो माल डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या रडारअभावी उतरला नाही. पाहणाऱ्यांनी डोळे मिटून घेतले म्हणून उतरला. सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतील काही जण पुढे न्यायालयात दोषी ठरले. पंधरा वर्षांनंतर, नोव्हेंबर २००८ मध्ये, कराचीहून निघालेल्या दहा दहशतवाद्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावली, तिच्यावरील खलाशांना आणि तांडेलाला ठार केले आणि रबरी बोटीतून ते कुलाब्याच्या मच्छीमारनगरात उतरले. सागरी मार्गाने हल्ल्याची शक्यता वर्तविणाऱ्या सूचना आधी आल्या होत्या. त्यांच्यावर कोणी, कोठे आणि काय करावयाचे हे निश्चित नव्हते. त्या रात्री उतरणाऱ्यांना पहिल्यांदा हटकले ते तेथल्या कोळीवाड्यातील माणसांनी. परंतु त्यांचा संशय तत्काळ कृतीत उतरवील असा कोणताही मार्ग त्यांच्या हाती नव्हता.

फेब्रुवारी २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे सोपविण्यात आली. संयुक्त कार्यकेंद्रे झाली, किनारी रडारांची साखळी उभी राहिली, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. तरीही जुलै २०११ च्या अखेरीस ‘पवित’ नावाचे मालवाहू जहाज निर्मनुष्य अवस्थेत वाहत येऊन थेट जुहूच्या वाळूत रुतले. त्याच्या खलाशांना महिन्याभरापूर्वी ओमानजवळ सोडविण्यात आले होते आणि जहाज बुडाले असावे असे सर्वांनी गृहीत धरले होते. एवढे मोठे धूड अरबी समुद्र ओलांडून आले आणि नौदल, तटरक्षक दल व सागरी पोलीस या तिहेरी कड्याला त्याचा पत्ता लागला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये जवळजवळ तीच कथा पुन्हा घडली. मस्कतहून युरोपकडे निघालेली, जूनमध्ये खलाशांनी सोडून दिलेली ‘लेडी हान’ ही बोट हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला लागली आणि तीत तीन एके-४७ रायफली व काडतुसे सापडली. घातपाताशी तिचा संबंध नसल्याचे शासनाने सांगितले, ही समाधानाची गोष्ट. पण समुद्राने आणून टाकलेली बोट किनाऱ्याला लागेपर्यंत कोणाच्याच हिशेबात नव्हती, ही गोष्ट उरतेच.

पाहणाऱ्याला मोबदला काय?

अरबी समुद्रात नित्य वावरणारे सर्वांत मोठे दल नौदलाचे नाही, मच्छीमारांचे आहे. अपरिचित नौका, अवेळी दिसलेला दिवा, जाळ्यात अडकलेली विचित्र वस्तू, नेहमीची वाट सोडून चाललेले जहाज, हे त्यांना प्रथम दिसते. १९७१ साली ‘गाझी’चे अवशेष किनाऱ्यावर आणणारेही मच्छीमारच होते. वर्सोव्याला समुद्रतळावरील दळणवळण-केबली जमिनीवर येतात आणि देशाचा व्यापार, बँका व संदेशवहन त्यांवर अवलंबून आहेत. त्या पाण्यात रोज जाळे टाकणाऱ्या कोळ्याइतके त्या तळाचे ज्ञान कोणत्या कार्यालयात आहे? समाजवादाचे कडवे टीकाकार हायेक यांनी १९४५ मध्ये मांडले होते की, उपयुक्त ज्ञान एका ठिकाणी साठलेले नसते. ते जागोजागच्या माणसांत विखुरलेले असते. त्यांनी त्यातून काढलेला बाजारपेठेचा निष्कर्ष मान्य असो वा नसो, निरीक्षण खरे आहे.

आता या माणसाच्या बाजूने हिशेब मांडून पाहावा. संशयास्पद नौकेची खबर देणाऱ्या तांडेलाचा दिवस बुडतो. डिझेल जळते, बर्फ वितळतो, मासळी उतरते, खलाशांची मजुरी अंगावर पडते आणि वर चौकीत जबाब देण्यासाठी दोनचार फेऱ्या होतात. कदाचित संशयाची सुई त्याच्याकडेच वळते. लाभ सगळ्या देशाचा, तोटा एकट्याचा. जेथे खाजगी तोटा आणि सार्वजनिक लाभ अशी फारकत असते, तेथे केवळ देशभक्तीच्या आवाहनावर व्यवस्था चालत नाही. तो तोटा समाजाने उचलावा लागतो. खबरीमुळे बुडालेल्या दिवसाची भरपाई, बंदरातच आणि मराठीत नोंद घेणारा अधिकारी, दिलेल्या खबरीचे पुढे काय झाले याचे उत्तर, आणि सागरी पोलीस दलात कोळी, भंडारी, गाबीत घरांतील तरुणांची भरती, या गोष्टींना एका मोठ्या रडारइतकाही पैसा लागणार नाही.

परंतु भरपाईपेक्षाही मोठा प्रश्न विश्वासाचा आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते दोन कार्ये झाली. मासेमारी नौकांवर एक लाख उपग्रहाधारित संदेशयंत्रे बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला; आणि त्याच समारंभात सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. या बंदराला तेथील मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे, कारण त्यांची मासेमारीची जागाच त्यात जाते. एका हाताने ज्याच्या होडीवर यंत्र बसवावयाचे, त्याच्याच होडीखालचे पाणी दुसऱ्या हाताने काढून घ्यावयाचे, ही दोन धोरणे एका मांडवात शोभून दिसली तरी समुद्रावर एकत्र नांदणार नाहीत. ते यंत्र वादळात जीव वाचवील, ही त्याची मोठी उपयुक्तता आहे. मात्र ते आपले रक्षण करण्यासाठी आहे की आपल्यावर पाळत ठेवण्यासाठी, असा प्रश्न मच्छीमाराच्या मनात राहिला तर तो ते बंद ठेवण्याची युक्तीही शोधील. किनाऱ्यावरून हटविलेला माणूस किनाऱ्याचा पहारेकरी राहत नाही.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

विश्वासाचा हाच प्रश्न नौदलाच्या आतही आहे. डिसेंबर २०१९ मध्ये शत्रूला माहिती पुरविल्याच्या आरोपावरून नौदलाच्या सात कर्मचाऱ्यांना अटक झाली. फेसबुकवरील बनावट स्त्री-नावांनी त्यांना जाळ्यात ओढल्याचे सांगण्यात आले. नौदलाने तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुक यांवर बंदी घातली. बंदी आवश्यक असेल. परंतु घरापासून महिनोन्‌महिने दूर असलेला एकाकी, तरुण नौसैनिक कोणत्या क्षणी अनोळखी आवाजाला बळी पडतो, याचा विचार बंदीने संपत नाही. चूक झाल्याबरोबर वरिष्ठाकडे जाऊन सांगता येईल असे वातावरण असले तर पहिली चूक दुसरीपर्यंत जात नाही.

आणि सर्वांच्या वर उत्तरदायित्व आहे. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने केलेल्या चिकित्सेचा बराचसा भाग संसदेपुढे आला आणि त्यातूनच २००२ मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था जन्मास आली. उघड चिकित्सेने राष्ट्र दुबळे होत नाही, याचा हा देशी पुरावा. अमेरिकेच्या सिनेटने १९७६ मध्ये आणि ब्रिटनने १९९४ च्या कायद्याने गुप्तवार्ता संस्थांवर देखरेख करणाऱ्या समित्या नेमल्या. भारतात या दिशेने २०११ साली मांडले गेलेले खाजगी विधेयक कायदा होऊ शकले नाही. माहिती अधिकार कायद्यातून वगळलेल्या आणि संसदेच्या नजरेआड असलेल्या संस्थेला आपल्या चुका झाकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. आणि झाकलेली चूक पुन्हा घडते. लोकप्रतिनिधींच्या लहान, शपथबद्ध समितीने खर्च काय झाला, सूचना कोणत्या आल्या, त्यांचे काय झाले, एवढे तरी वर्षातून एकदा बंद दाराआड तपासावे. नौकांची ठिकाणे विचारण्याची तिला गरज नाही.

मित्रहो, यंत्रे बदलत राहतील. आजचे ड्रोन उद्या जुने होतील. पण पाहणारा, सांगणारा, ऐकणारा आणि निर्णय घेणारा, ही साखळी माणसांचीच राहील. प्रश्न मोकळेपणाने विचारला जावा, यंत्राच्या साक्षीवर शंका घेता यावी, खबर देणाऱ्याला त्याचा तोटा भरून मिळावा आणि दुर्लक्ष करणाऱ्याला त्याचा जाब द्यावा लागावा, या चार गोष्टी झाल्या तर नौदलाची गुप्तवार्ता कोणत्याही नव्या तंत्राशी जुळवून घेईल. नौका बांधावयास वर्षे लागतात आणि हजारो कोटी रुपये लागतात. या चार गोष्टींना लागते ती राज्यकर्त्यांची इच्छा, आणि ती विचारण्याचा हक्क नागरिकांचा आहे.